फळा पुसायच्या आधी

त्या रविवारी दूधवाला फाटकापाशी थांबला, फळा वाचला, दुधाची पिशवी फाटकाला अडकवली आणि बेल न वाजवताच निघून गेला. सूनबाईने हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. एरवी तो फळ्यावरच्या मजकुरावर दोन शब्द बोलल्याशिवाय हलत नसे. तिने गॅस बारीक केला आणि हात पुसत बाहेर आली.

फाटकाशेजारच्या भिंतीवर तो फळा तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, वडिलांनी लावला, त्याला साठ वर्षं झाली होती. रोज सकाळी घरातल्या कोणीतरी त्यावर चार-पाच ओळी लिहायच्या. नळाला किती वेळ पाणी आलं, नगरपालिकेने काल काय ठरवलं आणि त्यातलं काय होणार नाही, कोपऱ्यावरचा दिवा, कोणाच्या घरी कोण आजारी, कधी स्वतःच्याच घरातलं भांडणसुद्धा. खाली नाव घालायचं नाही, कारण बोलतं ते घर. आणि सूर्य मावळेपर्यंत काही झालं तरी पुसायचं नाही. "लिहिलं ते दिवसभर सोसायचं," एवढंच त्यांनी सांगून ठेवलं होतं.

आज लिहिलं होतं: "नव्या शाळेचा जिना न तपासताच पास झाला आहे. तपासला असं लिहून ज्याने सही केली, तो याच घरात जेवतो. मुलांना वरच्या मजल्यावर पाठवू नका."

सूनबाईने दोनदा वाचलं. घरात जेवणारी माणसं चार. सासरे, ती, नऊ वर्षांची चिमणी आणि नवरा. नगरपालिकेत इंजिनियर त्यांतला एकच. आणि ज्या शाळेचा जिना, त्याच शाळेत वरच्या मजल्यावर ती तिसरीचा वर्ग घेत होती. तिच्या शेजारच्याच वर्गात चिमणी बसत होती.

"आई, आजोबांनी आपल्या शाळेबद्दल लिहिलंय!" चिमणी मागे येऊन उभी होती.

"आजोबांनीच कशावरून?"

"मग काय तू लिहिलंस?"

खरं तर अक्षरावरून ते कोणालाच सांगता आलं नसतं. या घरात सगळ्यांना अक्षर अण्णांनी शिकवलं होतं, एकाच टेबलावर, एकाच पाटीवर. गोल, सुटं, जराही न कललेलं. अण्णांचं, त्यांच्या मुलाचं म्हणजे थोरल्याचं, मुलीचं म्हणजे धाकटीचं, चिमणीचं, सगळ्यांचं अक्षर एक. सूनबाई शिक्षिका म्हणून या घरात आली तेव्हा तिचं अक्षर वेगळं होतं. दोन वर्षांत तेही बदललं. लग्नाआधी नवऱ्याने पाठवलेली पत्रं सासऱ्यांनीच लिहून दिली असावीत, अशी शंका तिला पुढे बरेच दिवस येत होती.

पण गेले सहा महिने फळा अण्णाच लिहीत होते. त्यांना विसर पडायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, रोजचं एक काम त्यांच्याकडेच राहू द्या. ते राहू दिलं. मध्यंतरी त्यांनी लागोपाठ तीन दिवस तोच मजकूर लिहिला. एकदा तीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या छापखान्याला नव्या यंत्राबद्दल शुभेच्छा दिल्या. लोकांनी वाचलं आणि मान हलवून पुढे गेले. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली होती.

सूनबाईने झोपायच्या खोलीत पाहिलं. थोरला पलंगाच्या कडेला बसला होता. आंघोळ झालेली, केस ओले, पायात चप्पल.

"अहो, बाहेर अण्णांनी काय लिहिलंय ते पाहिलंत?"

त्याने मान वर केली नाही. "काय लिहिलंय?" असंही त्याने विचारलं नाही, हे तिच्या लक्षात आलं, पण तेव्हा त्याचा अर्थ तिने वेगळा लावला.

*

नऊ वाजता नगराध्यक्षांचा सेक्रेटरी आला. बरोबर दोघेजण होते, ते फाटकाबाहेरच थांबले. सेक्रेटरी चप्पल काढून आत आला, अण्णांच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहून त्याने हात जोडले आणि मगच खुर्चीवर बसला.

"मी त्यांचा विद्यार्थी आहे, वहिनी. चौथीला होतो. त्यांनी कधी हात उगारला नाही, हे मी भाषणातसुद्धा सांगतो." त्याने चहाचा एक घोट घेतला. "आता असं आहे. मतदानाला वीस दिवस राहिलेत. जिना साहेबांच्या कारकिर्दीतला. विरोधकांनी सकाळीच फळ्याचा फोटो काढून गावभर फिरवलाय. उद्या दहा वाजेपर्यंत आम्हाला दोन कागद हवेत. एक डॉक्टरांचं पत्र, की म्हाताऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. दुसरं त्यांचं स्वतःचं, की मी भ्रमात लिहिलं, त्यात तथ्य नाही."

"आणि नाही दिले तर?" थोरला म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य.

"तर चौकशी लागेल. आणि चौकशी लागली की दाखल्यावर सही कोणाची, ते आम्हाला झाकता येणार नाही. तुमच्याच काळजीनं सांगतोय." उठता उठता तो सूनबाईला म्हणाला, "फळा मात्र आत्ताच पुसलात तर बरं."

"आमच्याकडे सूर्यास्ताआधी पुसत नाहीत," सूनबाई म्हणाली. आपण हे का म्हणालो, ते तिलाच कळलं नाही.

*

अकराच्या सुमाराला जेवणाच्या टेबलाभोवती सगळे जमले. अण्णांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे काका म्हणत, हातातलं शिवण टाकून, दुकान बंद करून आले होते. गळ्यात मोजमापाची टेप तशीच. शिंपीकाम त्यांचं, आणि या महिन्यात नगराध्यक्षांचे तीन हजार झेंडे त्यांच्याच मशीनवर शिवले जात होते. थोरल्याची बहीण, धाकटी, हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून परस्पर इकडे आली होती. नर्सचा पांढरा कोट तिने खुर्चीच्या पाठीवर टाकला.

काकांनीच सुरुवात केली. "मी म्हणतो, यात अवघड काय आहे? अण्णांना विसर पडतो, हे खोटं आहे का? परवा मला पाहून म्हणाला, मास्तर, पँट केव्हा देणार? मी त्याचा सख्खा भाऊ! माझ्याशी गिऱ्हाइकासारखा वागतो."

"त्यांची पँट तुमच्याकडे चार महिने पडून आहे, काका," धाकटी म्हणाली.

"ते वेगळं."

"पँटचं त्यांना बरोबर आठवतंय म्हणजे."

सूनबाईला हसू आलं, पण ते गिळून ती म्हणाली, "वन्सं, तुमच्या डॉक्टरांकडून पत्र मिळेल का?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. एरवी या दोघी एकीकडे असत. अण्णांना रात्री एकटं झोपू द्यायचं की नाही, त्यांच्या खोलीची कडी काढून टाकायची की नाही, या प्रत्येक वादात नणंद-भावजय एकत्र आणि समोर थोरला, असं वर्षभर चाललं होतं. आज पहिल्यांदाच वहिनी टेबलाच्या पलीकडे जाऊन बसली होती.

"मिळेल," धाकटी म्हणाली. "मीच महिन्याभरापूर्वी त्यांना तपासायला नेलं होतं. कागद आहेत. पण वहिनी, एकदा असं पत्र दिलं की ते आयुष्यभराचं. मग बँकेत त्यांची सही चालणार नाही. त्यांनी काही सांगितलं तर कोणी ऐकणार नाही. फळा तर गेलाच."

"आणि नाही दिलं तर तुमच्या दादांची नोकरी जाते. नोकरीच नाही, खटलाही होईल."

"खरं आहे का पण ते?" धाकटी भावाकडे वळली. "दादा, जिना तपासला होतास का तू?"

थोरल्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "मार्चअखेर होती. कागद त्या दिवशी गेले नसते तर पैसे परत गेले असते. वाळूची पोती चढवून जिन्यावर चोवीस तास भार ठेवायचा असतो, मग किती वाकला ते मोजायचं. पोती आलीच नाहीत."

"मग आकडे?"

"आकडे मी भरले."

काकांनी गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"हे तू अण्णांना सांगितलं होतंस?" धाकटीने विचारलं.

"हो. तेव्हाच. बावीस महिने झाले."

"बघा!" काका म्हणाले. "पोरानं विश्वासानं सांगितलं, आणि यानं विसरायच्या सगळ्या गोष्टी सोडून हीच लक्षात ठेवली. बावीस महिने उभाय ना तो जिना? मग? जे झालं ते झालं. अरे इंजिनियर, बस आणि अण्णांच्या वतीनं कागद लिहून काढ. अक्षर तर एकच आहे तुमचं. तेवढा तरी फायदा होऊ दे."

*

दाराला कान लावायची अण्णांना गरज नव्हती. अडतीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला शेजारच्या वर्गात काय चाललंय ते भिंतीतूनही कळतं.

ते पलंगावर बसून स्वतःची बोटं पाहत होते. सकाळी उठल्यावर त्यांना फळा लिहिलेला दिसला होता. आपण लिहिला असेल, असं त्यांनी धरून चालायचं ठरवलं, हल्ली बऱ्याच गोष्टी ते अशाच धरून चालत. पण आता बाहेर सगळे जे बोलत होते त्यावरून तो मजकूर साधा नव्हता. त्यांनी आठवून पाहिलं. खडू हातात घेतल्याचं आठवेना. बोटांच्या चिरांत खडू नव्हता. पण हात धुतला असेल. जिन्याबद्दल मुलाने सांगितलेलंही त्यांना आठवेना, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली. मुलाचं एवढं मोठं दुःख आपण ऐकलं, ते मनात नाही, आणि ते हाताने मात्र जगासमोर मांडलं? असा हात असू शकतो का?

ते उठले आणि मागच्या दाराने, घराला वळसा घालून फाटकापाशी गेले. फळ्यासमोर सात-आठजण उभे होते. त्यांना पाहून लोक जरा बाजूला झाले. किराणावाल्याने नमस्कार केला. एक बाई म्हणाली, "अण्णा, खरं आहे का हो? माझी दोन पोरं आहेत वर."

"थांब, वाचू दे," अण्णा म्हणाले. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

ते अगदी जवळ जाऊन वाचू लागले, वही तपासताना वाचत तसे, ओळीखाली बोट धरून. अक्षर त्यांचंच. किंवा त्यांनी दिलेलं. पण प्रत्येक शब्दावरून एक पुसट पट्टा गेला होता, डावीकडून उजवीकडे, जणू कोणीतरी लिहिता लिहिताच ते झाकायला गेलं होतं.

अण्णांचं बोट थांबलं.

लिहिणारा हात डावा असला की त्याचा तळवा नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून घसटत जातो. त्यांनी हजारो मुलांचे हात पाहिले होते. या घरात डावखुरा एकच जन्मला. पाच वर्षांचा होता. डाव्या हातानेच पेन्सिल धरायचा, डाव्या हातानेच दार उघडायचा. शाळेतल्या कोणाच्या मुलाला त्यांनी कधी ओरडूनसुद्धा शिकवलं नव्हतं. स्वतःच्या मुलाचा डावा हात मात्र त्यांनी वर्षभर रोज संध्याकाळी दोन तास रुमालाने खुर्चीला बांधून ठेवला. मोठ्या प्रेमाने बांधायचे, सैल गाठ मारून, त्याच्याशी हसत बोलत. पोरगं कधी रडलं नाही. वर्षाअखेर त्याचं उजव्या हाताचं अक्षर वर्गात पहिलं आलं, तेव्हा त्यांनी पेढे वाटावेत तशी ती वही गल्लीभर दाखवली होती.

आज सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता आलं नसतं. पण तो रुमाल निळ्या काठाचा होता.

मी लिहिलेलं नाही, हे कळल्यावर त्यांना आधी सुटल्यासारखं वाटलं; डोकं अजून इतकं गेलेलं नव्हतं. दुसरी गोष्ट कळायला दोन पावलं जास्त लागली. फाटकाचा गज धरून ते उभे राहिले. आत टेबलापाशी मुलगा बसला होता, आणि बाप वेडा ठरत असताना गप्प होता.

*

तीन वाजता धाकटी त्यांच्या खोलीत गेली. डॉक्टरांशी तिचं फोनवर बोलणं झालं होतं. पत्र ती जाऊन घेऊन आली होती. तिने खुर्ची ओढली आणि हॉस्पिटलात बोलते त्या आवाजात विचारलं, "अण्णा, आज वार कोणता?"

"तुझ्या चेहऱ्यावरून सोमवार वाटतो," अण्णा म्हणाले. "बाहेर काकाची चप्पल आहे, दुकान बंद, म्हणजे रविवार असणार."

"महिना?"

त्यांना महिना सांगता आला नाही.

"फळा मी लिहिलेला नाही, बाळ."

"अण्णा, तुम्हाला आठवत नाही म्हणून..."

"आठवत नाही, ते खरं. पण मी लिहिलेला नाही, तेही खरं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू नर्स आहेस, तुला कळायला हवं."

"मग कोणी लिहिला?"

"वर्गात मी असं कधी विचारलेलं आठवतंय तुला?"

तिला आठवत होतं. ती स्वतः त्यांच्या वर्गात होती. वर्गात कोणी काही फोडलं, चोरलं, कोणाच्या वहीवर शाई ओतली, तर अण्णा 'कोणी केलं' असं विचारत नसत. टेबलावर एक खडू ठेवत आणि वर्गाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहत. ज्याने केलं त्याने येऊन फळ्यावर आपलं नाव लिहायचं. कितीही वेळ लागो. एकदा मधली सुट्टी गेली, घंटा झाली, तरी ते वळले नव्हते.

"अडतीस वर्षांत दोनदाच कोणी आलं नाही," अण्णा म्हणाले. "त्या दोघांची मला अजून काळजी वाटते. नावं विसरलो, काळजी राहिली."

धाकटीच्या पिशवीत पत्र होतं. तिने पिशवीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

*

साडेपाचला अण्णा टेबलापाशी येऊन बसले. समोर थोरल्याने उजव्या हाताने लिहिलेला कागद होता. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचला.

"'माझी स्मरणशक्ती क्षीण झाली आहे. त्या भ्रमात मी फळ्यावर असत्य मजकूर लिहिला.' अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले. "पहिलं वाक्य खरं आहे, त्याच्याखाली मी सही करतो. दुसऱ्यात दोन चुका आहेत. मजकूर असत्य नाही. आणि तो मी लिहिलेला नाही."

"झालं!" काका म्हणाले. "आता हेही विसरला."

"शिंपीबुवा, तुम्ही गप्प बसा. माझी पँट द्या आधी."

अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून खडूचा तुकडा काढला, कागदाशेजारी ठेवला, खुर्चीचा आधार घेत उठले आणि भांड्यांच्या कपाटाकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले.

"हे काय आता?" काकांनी विचारलं.

"ते थांबलेत," धाकटी म्हणाली.

सूनबाईला ही गोष्ट माहीत होती. तिच्या शाळेत जुने शिक्षक अजून सांगत. तिने सासऱ्यांच्या पाठीकडे पाहिलं. सदऱ्याची शिवण खांद्यावर उसवली होती. मग ज्याच्याकडे बघायचं ती सकाळपासून टाळत होती, त्या नवऱ्याकडे तिने पाहिलं. त्याचा उजवा हात टेबलावर होता. डावा मांडीवर, मुठीत मिटलेला. सकाळी ओले केस, पायात चप्पल, आणि "काय लिहिलंय" असं न विचारणं. तिला सगळं एकदम उमगलं.

ती ओरडली असती. पण तो खडू तिच्यासाठी ठेवलेला नव्हता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं. काका एकदा उठले आणि परत बसले. अण्णांनी कपाटाच्या मुठीला हात लावून तोल सावरला.

"दादा, ते पडतील," धाकटी म्हणाली. ती कोणाला सांगत होती ते स्पष्ट होतं, म्हणजे तिलाही कळलं होतं.

सूनबाई अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अहो, उद्या साडेसातला मी बेचाळीस मुलं घेऊन त्या जिन्यानं वर जाणार आहे. चिमणीचा वर्ग आमच्या मागे असतो."

थोरला उठला तेव्हा खुर्ची मागे पडली. त्याने खडू उचलला, डाव्या हाताने, आणि तो दाराबाहेर गेला.

*

फाटकापाशी आता तीसएक माणसं होती. थोरला फळ्यासमोर उभा राहिला. गुरुवारी त्याने शाळेच्या जिन्याखाली वाकून पाहिलं होतं. दुसऱ्या वळणाखाली एक भेग होती आणि तिच्यात पेन्सिलीचं टोक जात होतं. वरच्या साहेबाला सांगितलं, तर तो म्हणाला, "निवडणूक होऊ दे रे, तीनच आठवडे." शुक्रवार गेला, शनिवार गेला. आज पहाटे त्याने उजव्या हातात खडू घेऊन पाहिला होता. हात उठेना. त्याच हाताने सही केली होती. मग डाव्या हाताने लिहिलं, आणि लिहिताना त्याला हलकं वाटलं होतं, घरात शिरेपर्यंत. सेक्रेटरी आला, सगळे अण्णांच्या दाराकडे बघू लागले, आणि त्याला वाटलं, आज नको, उद्या सांगू.

मोकळी जागा थोडीच होती. त्याने सकाळच्या मजकुराखाली लिहिलं: "वरच्या ओळी मी लिहिल्या. दाखल्यावरची सही माझी. जिन्याला भेग पडली आहे, ती मी पाहिली आहे. अण्णांचा यात काही संबंध नाही." आणि खाली स्वतःचं नाव. साठ वर्षांत त्या फळ्यावर पहिल्यांदा नाव आलं.

मग दोन पोरांची ती आई पुढे आली. "बावीस महिने माझी पोरं त्यावरून चढतायत," ती म्हणाली. "तू रोज नमस्कार करायचास मला." ती थुंकेल असं त्याला वाटलं. ती नुसतीच निघून गेली. सेक्रेटरीच्या माणसाने फळ्याचा फोटो काढला आणि फोन कानाला लावत तो कोपऱ्याकडे चालू लागला. उद्या काय होणार ते थोरल्याला माहीत होतं. आधी निलंबन, मग पोलीस, मग सूनबाईला त्या शाळेत रोज काय काय ऐकावं लागेल ते. काका टेप गळ्यात घालून त्याच्याकडे न बघता दुकानाकडे गेले. तीन हजार झेंड्यांचं आता काय, तेही कोणाला माहीत नव्हतं. माणसं एकेक करून पांगली.

घरातून धाकटी अण्णांचा हात धरून आली. दुसऱ्या हातात फळा पुसायचं ओलं फडकं होतं. मागे सूनबाई आणि चिमणी. उन्हाची शेवटची रेघ समोरच्या गच्चीवरून गेली.

अण्णा फळ्याजवळ गेले. ओळीखाली बोट धरून त्यांनी सावकाश वाचलं, वरपासून खालपर्यंत, नावापर्यंत. थोरला वाट पाहत उभा राहिला. अण्णा वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत नुसतं कुतूहल होतं.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "जरा पुसलं गेलंय, एवढंच. कोणी लिहिलं रे हे?"

धाकटीने तोंड फिरवलं. थोरल्याला वाटलं होतं की हे एकदाच सांगायचं असतं.

"मी लिहिलं, अण्णा."

"डाव्या हातानं?"

"हो."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही."

अण्णांनी मान डोलावली. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. तो पाहताच थोरल्याचा हात आपोआप मागे गेला. क्षणभर तिथेच राहिला, आणि मग त्याने तो पुढे केला. अण्णांनी त्याचा तळवा उघडला आणि खडूने पांढरी झालेली बोटं एकेक करून पुसायला सुरुवात केली, करंगळीपासून, लहान मुलाची पुसतात तशी. बोलत काहीच नव्हते.

अंधार पडायला लागला होता. धाकटी ओलं फडकं हातात धरून उभी होती. "आत्या, सूर्य गेला," चिमणी हळूच म्हणाली. धाकटीने ऐकलं, पण ती जागची हलली नाही.